ओल्या चाकांची भूमिती: सायकलची कोडी सोडवायला सुरुवात कशी करावी

एक सायकल घ्या. ती पडू नये इतपतच सीटला हात लावून कुणाला तरी उभी धरायला सांगा. एक पायडल अगदी खाली, जमिनीजवळ आणा. त्याला सुतळी बांधा आणि सायकलच्या मागे बसून ती सुतळी हळूच स्वतःकडे ओढा. सायकल पुढे जाईल की मागे?

इथं वाचणं थांबवा आणि उत्तर कागदावर लिहा. मनातल्या मनात ठरवू नका, कारण मनातलं उत्तर नंतर गुपचूप बदलता येतं. या छंदाची पहिली आणि जवळजवळ एकमेव अट हीच आहे. आधी पेनानं उत्तर, मग सायकल बाहेर.

आमच्या गल्लीत एका संध्याकाळी हे कोडं घातलं तर बहुतेक सगळे ‘पुढे’ म्हणाले. कारणही चांगलं दिलं. सायकल चालवताना खालचं पायडल पायानं मागेच ढकललं जातं आणि सायकल पुढे जाते, मग सुतळीनं मागे ओढलं तरी पुढेच जायला हवी. ऐकायला बिनतोड वाटतं. ओढून बघितलं तर सायकल मागे आली. एकानं सुतळी हातात घेऊन पुन्हा ओढली, पुन्हा मागे. उत्तर खाली सांगतो, पण त्यासाठी आधी दोन मापं लागतील.

साहित्य

शाळेतली चौकोनी वही, मोजपट्टी, कोनमापक, खडू, तीनेक मीटर न ताणणारी सुतळी, शिंप्याकडची नाहीतर गवंड्याची टेप. मोबाईलमध्ये स्लो मोशन असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. गियरची महागडी सायकल मुळीच नको. घरात पडलेली काळी, डबल स्टँडची सायकल या कामाला सगळ्यात चांगली, कारण स्टँडवर घेतली की मागचं चाक अधांतरी राहतं आणि निवांत फिरवून मोजता येतं.

आधी आपली सायकल मोजा

टायरवर २८ इंच लिहिलंय म्हणून ७१ सेंटीमीटर व्यास धरून परीघ काढू नका. मी तेच केलं होतं. हिशोबानं परीघ २२३ सेंटीमीटर आला आणि पुढची सगळी उत्तरं थोडी थोडी चुकत गेली. टायरवर खडूची रेघ मारा, तीच रेघ जमिनीवर उमटवा, सायकलवर बसा आणि कुणाला तरी सरळ रेषेत ढकलायला सांगा. चाकाचे बरोबर पाच फेरे झाले की अंतर मोजा आणि पाचनं भागा. माझ्या सायकलचा परीघ असा २२० सेंटीमीटर भरला. बसणाऱ्याच्या वजनानं टायर दबतो, हवा कमी असली तर आणखी दबतो. पाच फेरे यासाठी की टेप धरण्यातली चूकही पाचनं भागली जाते.

दुसरं माप दोन चाकांमधलं. पुढचं चाक जमिनीला टेकतं त्या बिंदूपासून मागचं टेकतं त्या बिंदूपर्यंत, हँडल सरळ ठेवून. माझ्या सायकलवर ते ११४ सेंटीमीटर आहे. तिसरं, पायडलच्या दांडीची लांबी, बहुधा १७ सेंटीमीटरच्या आसपास. चौथं, पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती फिरतं. चेनकव्हर असेल तर दाते दिसत नाहीत, पण ते उघडायची गरज नाही. सायकल स्टँडवर घ्या, पायडल हातानं अगदी हळू फिरवा आणि दोन्हीकडचे फेरे मोजा. झटका देऊ नका, नाहीतर चाक फ्रीव्हीलवर मोकळं पळतं आणि मोजणी फसते. माझ्याकडे पायडलच्या ३ फेऱ्यांत चाकाचे बरोबर ८ फेरे झाले.

चारही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे हेच पान शंभरदा उघडावं लागतं.

आता त्या सुतळीचं

पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते? २२० गुणिले ८ भागिले ३, म्हणजे ५८७ सेंटीमीटर. त्याच फेऱ्यात पायडल स्वतःच्या वर्तुळात किती फिरतं? १७ त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ, म्हणजे १०७ सेंटीमीटर. खालच्या बाजूला पायडल सायकलच्या मानानं मागे सरकतं हे खरं, पण तेवढ्या वेळात सायकल त्याच्या साडेपाच पट पुढे गेलेली असते. जमिनीवर उभं राहून बघणाऱ्याला पायडल कधीच मागे येताना दिसत नाही. ते पुढेच जातं, खाली असताना जरा कमी वेगानं एवढंच.

मग उलटं वाचा. सायकल पुढे जाताना खालचं पायडल जमिनीच्या मानानं पुढे जातं, तर तेच पायडल मागे ओढलं की सायकल मागेच आली पाहिजे. गल्लीतल्या मंडळींची चूक एवढीच की पाय ‘मागे’ ढकलतो ते सायकलवर बसलेल्याच्या नजरेनं, आणि सुतळी ‘मागे’ ओढतो ते जमिनीवर बसलेल्याच्या नजरेनं. सायकलवर बसलेला माणूस स्वतः सायकलबरोबर जात असतो, सुतळीवाला जात नाही.

खात्री करायची असेल तर पायडलला खडू बांधून सायकल भिंतीलगत चालवत न्या. भिंतीवर लाट उमटेल, पण वेटोळं कुठेच पडणार नाही. (घरमालकाला आधी विचारा.)

हे एक कोडं मी मुद्दाम लांबवलं, कारण त्यात सगळी पद्धत आलीय. कुणाच्या नजरेनं मोजतोय ते ठरवायचं, दोन लांब्या काढायच्या आणि त्यांची तुलना करायची. बऱ्याच कोड्यांत याहून जास्त काही नसतं.

चाकांच्या खुणा

दुसरं कोडं पावसाळ्यात आपोआप मिळतं. डबक्यातून सायकल गेली की कोरड्या रस्त्यावर दोन ओल्या रेषा उमटतात, एकमेकींना छेदत जाणाऱ्या. प्रश्न असा की सायकल कुठल्या दिशेनं गेली? नक्षी बघायची नाही, फक्त रेषा. मे महिन्यात करायचं तर बादलीभर पाणी ओता. मात्र दुपारी साडेबाराला ओतू नका. सोलापूरच्या उन्हात खडू हातात घेईपर्यंत रेषा वाळून जातात. सकाळी सात ही वेळ बरी.

आधी मागचं चाक कुठलं ते ओळखा. हँडल डावी-उजवीकडे हलतं म्हणून पुढच्या चाकाची रेषा जास्त नागमोडी असते आणि मागची तिच्यामागून शांतपणे जाते. मागचं चाक सांगाड्याला पक्कं बसवलेलं आहे. ते ज्या क्षणी ज्या दिशेला जात असतं, त्याच दिशेला बरोबर ११४ सेंटीमीटरवर पुढचं चाक असतं. भूमितीच्या भाषेत, मागच्या रेषेवर कुठेही स्पर्शिका काढा आणि पुढे ११४ सेंटीमीटर जा, की तुम्ही पुढच्या चाकाच्या रेषेवर पोचता.

म्हणून कृती अशी. मागच्या रेषेवर वळणाच्या चार-पाच जागा खडूनं खुणवा. प्रत्येक जागी स्पर्शिका म्हणून सुतळी ताणून धरा, आधी एका दिशेला, मग उलट दिशेला. दुसऱ्या रेषेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. एका बाजूची मापं सारखी येतील, दुसऱ्या बाजूची कमीजास्त. सारखी येतात ती जायची दिशा. मजा म्हणजे सायकल कुणाची हे माहीत नसलं तरी तिच्या दोन चाकांतलं अंतर तुम्हाला फुकट मिळतं.

नवख्याला इथं अडायला होतं ते स्पर्शिका डोळ्यानं काढताना. वाकडी सुतळी धरली की माप दहा सेंटीमीटरनं चुकतं आणि ‘नियमच चुकीचा’ असं वाटू लागतं. रेषेवर हातभर अंतरानं दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणाऱ्या जीवेला समांतर सुतळी मधल्या बिंदूवर धरा. पुरेसं होतं. आणि रेषा अगदी सरळ असेल किंवा सायकल गोल गोल एकाच वर्तुळात फिरली असेल, तर या युक्तीनं दिशा कळत नाही. का कळत नाही, ते कागदावर काढून बघा.

वर्तुळाचा विषय निघालाच आहे तर तिथे एक सुंदर गोष्ट आहे. मोकळ्या मैदानात, यात्रा नसेल तेव्हाचं सोलापूरचं होम मैदान चालेल, सायकल एका वर्तुळात फिरवा. पुढचं चाक मोठं वर्तुळ काढेल, मागचं लहान. मागच्याची त्रिज्या ३ मीटर असेल तर काटकोन त्रिकोणानं पुढच्याची ३.२१ मीटर येते. मागच्याची ५ मीटर केली तर पुढच्याची ५.१३. दोन वर्तुळांमधला पट्टा २१ सेंटीमीटरवरून १३ वर आला, अरुंद झाला. पण त्याचं क्षेत्रफळ? दोन्ही वेळा ४.०८ चौरस मीटर. ३.१४ गुणिले ११४ सेंटीमीटरचा वर्ग, एवढंच. वर्तुळाच्या मापाचा त्याच्याशी संबंधच नाही.

आर्मेनियातले गणिती मामिकॉन म्नात्साकानियान यांनी दाखवलं की वर्तुळसुद्धा लागत नाही. अंडाकृती फेरी मारून सुरुवातीच्या जागी त्याच दिशेला तोंड करून आलात तरी मधल्या पट्ट्याचं क्षेत्रफळ तेवढंच. त्यांची कल्पना अशी की स्पर्शिकेचे ते सगळे ११४ सेंटीमीटरचे तुकडे उचलून एका बिंदूपाशी आणा, जसे सायकलच्या तारा तुंब्यापाशी येतात, की पूर्ण वर्तुळ भरतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कात्री घेऊन पुठ्ठा कापत बसलो होतो. तुम्हीही कापा, आकडेमोडीपेक्षा लवकर पटतं.

टायरवरच्या पट्टीचा रस्ता

हे थोडक्यात. टायरच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवा आणि कुणीतरी सायकल चालवत असताना बाजूनं स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पट्टी कमानी काढत जाते. या वक्राला सायक्लॉइड म्हणतात. सायकल २२० सेंटीमीटर पुढे जाते तेवढ्यात पट्टी हवेतून २८० सेंटीमीटर प्रवास करते, कारण कमानीची लांबी त्रिज्येच्या बरोबर आठपट असते. ही लांबी १६५८ साली इंग्लंडच्या क्रिस्टोफर रेन यांनी काढली, लंडनमधलं सेंट पॉल चर्च बांधणारे तेच. वक्र रेषेची लांबी, आणि उत्तरात ३.१४ चा पत्ताच नाही. चित्रणात हेही दिसेल की चाकाचा वरचा भाग धूसर आणि खालचा स्पष्ट आहे. वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगानं जातो, जमिनीला टेकलेला त्या क्षणी थांबलेला असतो.

आकडे घालताना

वळताना सायकल किती झुकते, याचं सूत्र सोपं आहे. वेगाचा वर्ग घ्या, त्याला वळणाची त्रिज्या गुणिले ९.८ यानं भागा. जे येईल तो झुकावाच्या कोनाचा टॅन. पहिल्यांदा मी ताशी १८ किलोमीटर वेग आणि १० मीटर त्रिज्या घेतली, आणि कोन आला ७३ अंश. या हिशोबानं मी सात रस्त्याच्या चौकात जवळजवळ डांबराला कान लावून वळत होतो. चूक एककाची होती. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, १८ नव्हे. बरोबर उत्तर १४ अंशांच्या जरा वर. तेव्हापासून सूत्रात आकडा घालण्याआधी त्याच्यापुढे एकक लिहितो, आणि उत्तर आल्यावर स्वतःला विचारतो की असं कधी रस्त्यावर बघितलंय का.

वाऱ्याचं गणितही असंच फसवं. आषाढात आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोरात असतो. सकाळी हैदराबाद रोडनं बाहेर पडलात तर तो पाठीशी, ताशी २० नं जाता. परतताना तोच तोंडावर, ताशी १०. सरासरी किती? १५ लिहिलं असेल तर वहीत त्याला लाल गोल करा. २० किलोमीटर गेलात तर जायला एक तास, यायला दोन. ४० किलोमीटर तीन तासांत, म्हणजे १३.३. वाईट वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता, म्हणून सरासरी त्याच्याकडे कलते. शाळेच्या पुस्तकात नदी आणि होडी होती, तीच ही गोष्ट. फरक इतकाच की होडीच्या वेगात प्रवाहाचा वेग सरळ मिळवता येतो, सायकलच्या वेगात वारा तसा मिळवता येत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. त्यामुळे तुमचे खरे आकडे होडीच्या गणिताशी जुळणार नाहीत, आणि किती जुळत नाहीत हे लिहून ठेवणं हेही कोडंच आहे.

तोल: इथं घाई नको

सगळे नवखे याच प्रश्नानं सुरुवात करतात: सायकल पडत का नाही? मी म्हणेन, हा शेवटी घ्या. कारण याचं जे एका वाक्यातलं उत्तर सगळीकडे मिळतं, की फिरणारी चाकं भोवऱ्यासारखी उभी राहतात, ते अपुरं आहे. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी सायकलला उलटं फिरणारं जादा चाक लावून भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ पुसून टाकला. ती सायकल तरीही चालवता आली. २०११ साली नेदरलँड्सच्या डेल्फ्ट आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी छोटी दुचाकी बनवली की तिच्यात भोवऱ्याचा परिणाम नाही, आणि पुढचं चाक हँडलच्या अक्षामागे रेलतं तो परिणामही नाही. ढकलली की ती तरीही स्वतःचा तोल सांभाळत गेली. म्हणजे एकच एक कारण नाही.

आपल्याला सुरुवातीला एवढं पुरे. सोलापूरकराला ते सांगणं सोपं आहे, कारण त्यानं संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे एकेका माणसानं पेलून न्यायचे उंच काठीचे ध्वज, बघितलेले असतात. ध्वज एका बाजूला कलू लागला की पेलणारा तो हातानं ओढून सरळ करत बसत नाही. तो स्वतः त्या बाजूला पाऊल टाकतो, आधार कललेल्या वजनाखाली नेतो. सायकलही तेच करते. डावीकडे कलली की पुढचं चाक डावीकडे वळतं आणि चाकं वजनाखाली येतात. उंच ध्वज सावकाश कलतो, म्हणून पाऊल टाकायला वेळ मिळतो. त्याच्याच जागी हातभर काठी पेलून बघा, तारांबळ उडते.

करून बघायचं ते असं: हँडल न धरता फक्त सीट धरून सायकल चालवत न्या आणि जराशी डावीकडे कलवा. हँडल आपोआप कुठे वळतं? दुकानापर्यंत पंक्चर सायकल नेताना हे तुम्ही हजारदा केलंय, फक्त बघितलं नाही. पुढची पायरी मैदानात, गर्दी नसताना. चालत्या सायकलवर उजवीकडे वळायचं ठरवा आणि हँडलची पहिली हालचाल कुठल्या बाजूला होते ते लक्ष देऊन बघा. ती किंचित डावीकडे असते. मी हे मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “काय सांगलालास बे, चाळीस वर्षं सायकल चालवतोय.” मग एक फेरी मारून आला आणि गप्प बसला.

सायकलवरून उतरल्यावर

भूमिती कच्ची वाटत असेल तर लीलावतीतली जुनी गणितं घ्या. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास दिलेलं एक: ३२ हात उंच वेळू वाऱ्यानं मोडला, त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला? पायथागोरस एकदाच वापरावा लागतो, उत्तर पूर्ण संख्येत येतं, आणि चित्र काढल्याशिवाय सुटत नाही. नवख्यासाठी याहून चांगलं गणित मला माहीत नाही.

मग गिरणीच्या चिमणीसारखं काहीतरी उंच घ्या, जिच्या बुंध्याशी जाता येत नाही. लांबून वरच्या टोकाकडे बघताना कोन ४५ अंश येईल तिथे उभे राहा, मग त्याच रेषेत मागे मागे जात कोन ३० होईल तिथे थांबा. मधलं अंतर सायकलच्या चाकानं मोजा. तारेला फडकं बांधलं की फेरे मोजता येतात. समजा दहा फेरे झाले, म्हणजे २२ मीटर. त्याला ०.७३ नं भागलं की तीस मीटर, अधिक तुमच्या डोळ्यांची उंची. ०.७३ कुठून आला ते काढणं तुमच्याकडे. सावलीनं मोजायचं असेल तर एक दिवस जपा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या थोडा आधी, आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी चिमणी मोजायला गेलेला माणूस मी बघितलाय. आरशात.

अडलात तर

अर्धा तास झाला आणि काही सुचत नसेल तर आकडे टोकाला न्या. पायडलची दांडी शून्य लांबीची केली तर? चाकांमधलं अंतर खूप मोठं केलं तर? टोकाला उत्तर उघड दिसतं, आणि मधलं त्याच्याशी जुळायला लागतं. तरीही नाही सुटलं तर वही मिटा, दोन दिवसांनी उघडा. कुणाला विचारायचं असेल तर ‘उत्तर काय’ असं विचारू नका. तुमचं चित्र दाखवा आणि नेमकं कुठल्या ओळीवर थांबलात ते सांगा.

चुकलेली पानं फाडू नका. माझ्या वहीत ७३ अंशांचं पान अजून आहे.

आता सध्या माझ्याकडे अडलेलं एक देतो. पायडलचे ३ फेरे, चाकाचे ८. हे पुढे ४८ आणि मागे १८ दाते असले तरी होतं, आणि ४० आणि १५ असले तरी होतं. फेरे मोजून या दोन्हींतला फरक कळणार नाही. चेनचा एक दुवा अर्धा इंच असतो, म्हणजे पुढच्या चक्राचा व्यास पहिल्या वेळी १९ सेंटीमीटरच्या वर आणि दुसऱ्या वेळी १६ च्या वर. चेनकव्हर न उघडता यातलं खरं कुठलं ते ठरवायचंय. मिस्त्री म्हणतो, चार स्क्रू आहेत, दोन मिनिटांत उघडून देतो. मी अजून नको म्हणतोय.